गोडी बोरिंग, खारी बोरिंग

माझा पहिला मुलगा वरद एकाहत्तर दिवसांचा होऊन गेला. तो कशानं गेला हे कळायला मला अडीच वर्षं लागली आणि एका निरपराध माणसाचा हात जावा लागला. त्याची सगळी हकीकत माझ्या सासऱ्यांची आहे, म्हणून त्यांच्यापासूनच सुरू करते. त्यांचं नाव केसरीनाथ. मी त्यांची सून, क्षितिजा. मी रागीट आहे, हे आधीच सांगून ठेवते. आमच्या घरात रागाला तोटा नाही.

बाबांचा जन्म आमच्या गावातलाच. भिवंडीजवळच्या पूर्ण्याच्या मागं खाडीच्या अंगाला उतरलं की आमचं गाव. आता चहूकडं गोडाऊन झाली आहेत, रात्रंदिवस कंटेनर फिरतात, पण बाबांच्या लहानपणी नुसती खाजणातली भातशेती होती आणि जमिनीत खारं पाणी. खाऱ्या पाण्यात डाळ शिजत नाही, चहा फुटतो, साबणाला फेस येत नाही. त्यामुळे आमच्या लोकांना पाण्याच्या दोनच जाती माहीत. गोडं आणि खारं. गोडं लागलं म्हणजे चांगलं, बात खतम. सोयरीक जमवतानासुद्धा विचारतात. माझं माहेर शेलार गावचं. माझ्या बापानं इथं येऊन पोराचा पगार विचारायच्या आधी तांब्याभर पाणी मागून प्यायलं होतं. प्यायला आणि घरी परतून मला बोलला, "पाणी गोडं आहे गं, सुखात राहशील."

ते पाणी बाबांनी आणलेलं. गोडाऊनवाल्यांना जमीन विकून हातात पैसा आल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते बोरिंगचं. एक पानाड्या आला, तळहातावर नारळ ठेवून अंगणभर फिरला, घरामागच्या आंब्याखाली नारळ उभा राहिला. मशीन लावलं, दोनशे फुटांवर पाणी लागलं, बाबांनी ओंजळभर तोंडात घेतलं आणि थुंकले. खारं. पानाड्याच्या कानाखाली असा आवाज काढला की तो नारळ तिथंच टाकून पळाला. मग बाबांनी कुणाला न विचारता स्वतःच जागा दाखवली, घराच्या पुढच्या बाजूला, पन्नासएक पावलांवर. तिथं गोडं पाणी लागलं. त्या दिवशी बाबा नाचले म्हणतात. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, चिखलात, मशीनवाल्या पोरांच्या खांद्यावर हात टाकून.

त्या पाण्याचा त्यांनी एक पैसा घेतला नाही कुणाकडून. गेटाबाहेर नळ काढून दिला, अख्खी आळी भरते. एकदा एका टँकरवाल्यानं नळाला पाइप लावला, तर बाबांनी टँकरची काच फोडली आणि ड्रायव्हरला बाहेर खेचून असा तुडवला की त्याच्या दोन बरगड्या गेल्या. मी तेव्हा नवी नवरी होते. खिडकीतून बघत होते. खोटं कशाला बोलू, मला अभिमान वाटला होता. माझ्या माहेरी सगळे मिळमिळीत. इथं निदान माणूस होता.

आता खाऱ्या बोरिंगचं सांगते, कारण सगळा घोळ तिथं आहे.

बाबांनी मागच्या अंगाला चाळ बांधली. बत्तीस खोल्या. गोडाऊनमध्ये हमाली करणारे, पॅकिंगवाले परप्रांतातले लोक त्यात राहतात, एका खोलीत सहा-सहा जण. सगळे एकेकटे, बायकामुलं गावाला. एवढ्या माणसांचे संडास आठ, त्यांची टाकी दर तीन महिन्यांनी भरायची. मग मैला उपसणारी गाडी बोलवा, तिचा वास, आळीची बोंबाबोंब. बाबांनी यावर डोकं चालवलं. आंब्याखालची खारी बोरिंग पडूनच होती, मेलेली. त्यांनी टाकीची लाइन तिच्यात सोडली. दोनशे फूट खोल भोक, कधी भरायचंच नाही. गाडी बंद, वास बंद. आजूबाजूच्या चाळमालकांनी येऊन बघितलं आणि बाबांचं डोकं वाखाणलं.

मी त्यांना चहा देत होते तेव्हा. मीच विचारलं होतं, "बाबा, गोडी बोरिंग जवळ आहे ना?"

"येरी का काय तू?" मला वेडी ठरवून बाबा हसले. "खारा झरा येगला, गोडा झरा येगला. मिलत असते तर गोडी खारी न्हाय झाली असती?"

मला पटलं. मी बी. कॉम. झालेली बाई, मला पटलं! तुम्हालाही पटलं असतं. जिभेला लागत होतं ना, एक खारट, एक गोड. जिभेवर आम्ही पिढ्यान्‌पिढ्या विश्वास ठेवलेला.

वर्षभरानं वरद झाला. सिझेरियन होतं, मला दूध आलंच नाही नीट. डॉक्टरांनी डब्यातली पावडर लिहून दिली. पाणी उकळून घ्या, बोलले. माझ्या सासूबाई जानकीबाई, त्यांना आम्ही आई म्हणतो, त्यांनी ते मनावर घेतलं. आमच्याकडं बाळंतिणीला आणि बाळाला नुसतं उकळलेलं पाणी देत नाहीत, आटवलेलं देतात. पातेलं भरून चढवायचं आणि निम्मं होईपर्यंत मंद आचेवर ठेवायचं. आई पहाटे चारला उठून ते करायच्या. मला निजवून म्हणायच्या, "तू पर गं, मी हाय." त्या बाईनं माझ्या पोराचा एकही घोट आळसानं दिला नाही.

एकाहत्तराव्या दिवशी दुपारी वरदचे ओठ जांभळे पडले. नखं तशीच. रडला नाही, नुसता मलूल झाला आणि श्वास धाप लागल्यासारखा. रिक्षानं भिवंडीतल्या दवाखान्यात नेईपर्यंत संपला. तिथल्या डॉक्टरनं कानाला नळ्या लावल्या, डोकं हलवलं आणि दाखल्यावर लिहिलं, जन्मतः हृदयाचा आजार. बाबांनी त्या डॉक्टरला टेबलावरून ओढून खाली घेतला. "काल हसत व्हता माजा पोरगा! काल!" असं ओरडत त्याला बुक्क्या घातल्या. चार माणसांनी सोडवलं. मग तोच डॉक्टर रक्त पुसत बाहेर आला आणि बाबांच्या पाठीवर हात ठेवून बसला. मी ते बघितलंय, म्हणून त्या डॉक्टरला मी शिव्या देत नाही. त्याला जे ठाऊक होतं ते त्यानं लिहिलं.

सव्वादोन वर्षांनी हेतवी झाली. पुन्हा सिझेरियन, पुन्हा डबा, पुन्हा आई पहाटे चारला. या वेळी तर त्यांनी जास्तच काळजी घेतली. पाणी निम्म्याहून खाली आटवायच्या. मी दिवसातून दहादा पोरीचे ओठ बघायची. वेड्यासारखी. माझा नवरा, भाविक नाव त्याचं, मला म्हणायचा, "किती टेन्शन घेशील?" आणि सदुसष्टाव्या दिवशी सकाळी आंघोळ घालताना मला तिच्या ओठांवर तोच रंग दिसला.

मी किंचाळले म्हणे. मला आठवत नाही. टॉवेलात गुंडाळलेली पोर, मी गाऊनवर, भाविकनं गाडी काढली आणि यावेळी भिवंडीत न थांबता थेट ठाण्याला मोठ्या हॉस्पिटलात नेली. नाक्यावर ट्रॅफिक तुंबलं होतं. मागच्या गाडीतून बाबा उतरले आणि समोरच्या ट्रेलरच्या दारावर लाथा घालत सुटले, "हटव! हटव बोल्लो ना!" त्यांनी वाट करून दिली. हे त्यांचं देणं मी नाकारणार नाही.

हॉस्पिटलात डॉक्टर निवेदिता होत्या. वयानं माझ्याएवढ्याच. ऑक्सिजन लावला तरी पोरीचा रंग बदलेना. त्यांनी टाचेतून रक्त घेतलं, पांढऱ्या कागदावर एक थेंब टाकला, शेजारी स्वतःच्या बोटाचा एक. दोन्ही हवेत हलवले. त्यांचा थेंब लाल. माझ्या पोरीचा तपकिरी, चॉकलेटसारखा. त्या थेंबाकडं बघून त्या माझ्याकडं वळल्या.

"दूध कसलं पाजता?"

"पावडरचं."

"पाणी कुठलं?"

"बोरिंगचं. गोडं आहे."

"गोडं-खारं नाही विचारत मी, बाई. कधी तपासून घेतलंय?"

कोण तपासतं गोडं पाणी! त्यांनी निळ्या औषधाचं इंजेक्शन मागवलं, स्वतः शिरेतून हळूहळू दिलं. तासाभरात हेतवीचे ओठ गुलाबी झाले. दुसऱ्या दिवशी तिची शू हिरवी-निळी झाली, ते बघून मी रडत हसले. पोर वाचली. मी डॉक्टरांच्या पाया पडायला वाकले तर त्यांनी दंड धरून उभं केलं आणि समजावून सांगितलं. पाण्यात नायट्रेट असतं. मोठ्या माणसाला लगेच काही होत नाही, म्हणून अख्खी आळी पिते आणि धडधाकट असते. पण तान्ह्या मुलाचं रक्त त्यानं बिघडतं, श्वास घेऊनही अंगाला हवा मिळत नाही. आणि उकळून ते जात नाही. जंतू मरतात, पाणी उडून जातं, नायट्रेट मात्र तेवढंच खाली राहतं.

"निम्मं आटवलं तर?" मी विचारलं.

"तर दुप्पट."

मागं आई उभ्या होत्या. त्यांना ते किती कळलं, मला तेव्हा ठाऊक नव्हतं. त्या भिंतीला टेकल्या एवढं दिसलं. माझ्या डोक्यात एकच घण पडत होता. वरद. म्हणजे वरदचं हृदय चांगलं होतं. म्हणजे माझ्या पोराला कुणीतरी विष पाजलं. कॅरिडॉरमध्ये बाबा बसले होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "पाण्यात केमिकल आहे, बाबा. वरदला पण त्यानंच मारलं."

बाबा उठले. "केमिकल म्हंजे डाइंगवाला."

गावाच्या वेशीवर कपडा रंगवायचा कारखाना तीन वर्षांपूर्वी सुरू झाला होता. त्याच्या मागच्या नाल्याला रोज वेगळा रंग असतो. दुसरं नाव कुणाच्या डोक्यात येणार होतं? आणि मी, मी माझ्या तोंडानं बोलले, "सोडू नका त्याला, बाबा." हे कुणी माझ्याकडून वदवून घेतलं नाही. मीच बोलले.

संध्याकाळी माझ्या फोनवर व्हिडिओ आला. गावातली तीसेक माणसं कारखान्याच्या गेटात घुसलेली. मालक नव्हता, मॅनेजर मागच्या दारानं पळाला. रंगाचं पाणी साफ करायच्या टाकीवर ज्याची ड्युटी होती, तो काळूराम सापडला. आमच्याच बाजूच्या पाड्यावरचा, चाळिशीचा, किडकिडीत माणूस. "शेठ, आमचं पानी नाल्याला जातं, शेठ, तुमच्या बोरिंगला कसं येईल," असं तो बोलत होता, नीट ऐकू येतं. बाबांच्या हातात पहार होती. पहिला फटका पायावर. तो पडला आणि त्यानं डोक्यावर उजवा हात धरला. मग पहार त्या हातावर पडली. चार वेळा. पाचव्या वेळी भाविकनं बाबांना मागून मिठी घातली.

मी तो व्हिडिओ तीनदा बघितला. पोरीला मांडीवर घेऊन बघितला. बरं वाटलं मला. पोटात थंडावा पडल्यासारखं वाटलं. हे मी आजवर भाविकलाही सांगितलेलं नाही.

काळूरामचा हात मनगटाच्या वर कापावा लागला. बाबांना अटक झाली, अठराव्या दिवशी जामीन मिळाला. गावानं त्यांना उघड्या जीपमधून आणलं, हार घातले, नाक्यावर बॅनर लावला, त्यावर बाबांचा हात जोडलेला फोटो. बाबा मात्र हार काढून सरळ आत आले, हेतवीच्या पाळण्याशी तिचं बोट धरून बसले. पोरीला आम्ही आता विकतच्या जारचं पाणी देत होतो. आळी बोरिंगचंच पीत होती, कारण त्या मारहाणीनंतर कारखान्याला कुलूप लागलं होतं, आणि कारखाना बंद झाला म्हणजे विष बंद झालं, असा सगळ्यांचा हिशेब.

जामिनानंतर तीन दिवसांनी दुपारी गेटावर एक बाई आली. उन्हातून चालत आलेली, घामानं पोलकं भिजलेलं. हातात काळी पिशवी. मी ओळखलं नाही.

"मी तुळजा. काळूरामची बायको."

घरात मी आणि आई दोघीच होतो. मी मनात म्हटलं, आता ही शिव्या घालणार, घालू दे. खरं सांगायचं तर व्हिडिओ बघून आलेला तो थंडावा केव्हाच गेला होता आणि झोप लागत नव्हती. मी तिच्यापुढं जाऊन उभी राहिले. "मला मार," मी म्हटलं. "मीच बाबांना पाठवलं होतं."

तिनं पिशवी काखेत मारली. "मारून माझ्या नवऱ्याला हात फुटंल का? मी एक विचारायला आलेय. मी पण त्याच डाइंगमध्ये रंग मोजायला होते. आमचं पाणी जिथं जातं तिथं रंग दिसतो. नाल्याला दिसतो, भिंतीला दिसतो, माझ्या नखात अजून हाय, हे बघ. तुमच्या नळाला कधी रंग आला? एकदा तरी?"

"नाही."

"मग आमचं पाणी तुमच्यात आलं कसं?"

नळ उघडला की काचेसारखं स्वच्छ पाणी यायचं. त्याच सकाळी डॉक्टर निवेदितांचा फोन येऊन गेला होता. पाण्याच्या नमुन्याचा रिपोर्ट आला होता. नायट्रेट मर्यादेच्या सहापट, आणि वर मैल्यातले जंतू. त्यांनी विचारलं होतं, जवळपास संडासाची टाकी आहे का? मी म्हटलं होतं, बघून सांगते. तुळजा समोर उभी होती आणि मला आंब्याखालचं ते लोखंडी झाकण दिसायला लागलं. मी तिला हाताला धरून मागं नेलं आणि झाकण दाखवलं.

"यात जातं सगळं," मी म्हटलं. "चाळीचं."

तिनं झाकणाकडं बघितलं, मग मान वळवून पुढच्या गोड्या बोरिंगकडं. पिशवीतून गुलाबी रंगाच्या भुकटीचं पाकीट काढलं. डाइंगचं पाणी कुठवर जातं ते दाखवायला ती ते नाल्यात टाकणार होती. आम्ही दोघींनी मिळून झाकण सरकवलं, पाकीट फोडून आत ओतलं आणि वरून दहा बादल्या पाणी सोडलं. तिनं हात धुतले नाहीत. "आता वाट बघ," म्हणाली आणि गेली.

मी कुणाला बोलले नाही. पहिला दिवस पाणी साफ. मी देवापुढं बसून म्हटलं, नको येऊ दे, डाइंगवाल्याचंच असू दे, काळूरामचा हात गेला तर गेला. इतकी नीच झाले होते मी. दुसरा दिवस साफ. तिसऱ्या सकाळी गेटाबाहेर बायका ओरडल्या.

मी धावत गेले. नळातून गुलाबी पाणी पडत होतं. हंड्यात, कळशीत, रस्त्यावर, सगळं गुलाबी. आळीतली माणसं जमली. "डाइंगवाल्यांनी परत सोडलं! सूड घेतला!" कुणीतरी काळूरामच्या पाड्याचं नाव घेतलं. त्याचा भाऊ तिथं राहतो, त्याला धरा, घर जाळा. पोरं काठ्या घेऊन आली. बाबा घरातून पहार घेऊन बाहेर पडले. त्यांचे डोळे मी त्या ट्रेलरच्या दाराशी बघितले होते, तसेच.

मी गेट लावलं आणि गेटाला पाठ लावून उभी राहिले.

"हट पोरी."

"रंग मी टाकला, बाबा."

बाबांना कळलंच नाही. "काय बोल्लीस?"

"मी टाकला. आपल्या खाऱ्या बोरिंगमध्ये. चाळीचा मैला जातो तिथं. तिथं टाकलेला रंग इथं आलाय."

त्यांनी माझ्या मुस्कटात मारली. माझं डोकं गेटावर आपटलं, तोंडात रक्ताची चव आली. आजवर त्यांनी माझ्यावर हात उचलला नव्हता. मी सरकले नाही. मला सांगू नका की मी धीराची आहे. मी रागात होते एवढंच. "अजून मारा," मी ओरडले. "मारा! पण तो मैला आहे, बाबा! बत्तीस खोल्यांचा मैला! तो आपण पोराला पाजला! खारा झरा वेगळा, गोडा झरा वेगळा, हो ना? बघा की वेगळा! बघा!"

सगळ्यात आधी आईंना कळलं. त्या ओट्यावर होत्या. "म्हंजे वरदला मी..." एवढंच बोलल्या. मग खाली आल्या, रस्त्यावरच्या गुलाबी पाण्यातून, अनवाणी. "आटवून आटवून पाजला रं मी!" असं म्हणत त्यांनी बाबांच्या छातीवर, तोंडावर, मिळेल तिथं मुठी मारल्या. चाळीस वर्षांच्या संसारात त्या माणसापुढं आवाज न चढवलेली बाई. बाबांच्या ओठातून रक्त आलं. ते पुसलंसुद्धा नाही त्यांनी. आळीतले लोक एकेक करून काठ्या खाली ठेवून निघून गेले. जाताना कुणी कुणाकडं बघत नव्हतं, कारण त्यांच्यातल्या चार-पाच जणांनी बाबांचं बघून आपापल्या चाळीची लाइन तशीच सोडलेली होती.

गेटात आम्ही तिघंच उरलो. बाबांनी पहार माझ्यापुढं धरली.

"मार मना."

मी पहार हातात घेतली. खूप जड असते. माझ्या मनात होतं मारायचं, देवाशपथ होतं. वरदला विष पाजणारा जो माणूस मी शोधत होते तो समोर मान खाली घालून उभा होता. आणि मला एकदम दिसलं की मी मारलं तर हा माणूस मोकळा होईल. फिटलं म्हणेल.

"नाही मारणार," मी म्हटलं. "तुम्हाला सुटायचंय. मी नाही सोडणार तुम्हाला." पहार मी फेकून दिली.

बाबांनी घरात जाऊन शर्ट बदलला आणि पायीच पोलीस ठाण्याकडं चालू लागले. भाविक ड्युटीवर होता. हा माणूस आता कुठं जाऊन काय करेल, या भीतीनं मी रिक्षा करून मागून गेले. मी पोचले तेव्हा ते अंमलदाराच्या टेबलासमोर उभे होते.

"काका, तुमच्या तारखेला वेळ आहे अजून," अंमलदार बोलला.

"ती केस न्हाय. दुसरी लिव. मी माज्या नातवाला मारलाय."

अंमलदारानं पेन उचललं, आणि बाबांनी सगळं सांगितलं. खारी बोरिंग, टाकीची लाइन, आटवलेलं पाणी, सगळं. एवढं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. अंमलदार भला माणूस होता. शेवटपर्यंत ऐकून त्यानं पेन खाली ठेवलं.

"काका, मुलाच्या दाखल्यावर हृदयाचा आजार लिहिलाय म्हणता. पोस्टमॉर्टेम झालं नाही. अडीच वर्षं झाली. मी कशाच्या आधारावर लिहू? घरी जा. ती लाइन आधी बंद करा, ग्रामपंचायतीला कळवा. मुद्दाम थोडंच केलंत तुम्ही?"

"लिव."

"नाही लिहिता येत."

"काळूरामच्या हाताला लिवलास. माज्या नातवाला कायच न्हाय?"

"काही नाही, काका. तुमचं दुःख मला समजतं."

बाबांनी टेबलावरून वाकून अंमलदाराच्या तोंडावर गुद्दा मारला. तो खुर्चीसकट मागं पडला. दुसरा गुद्दा बाबांनी टेबलावर राहिलेल्या त्याच्या टोपीला मारला, उगाच, कुणी सोडवायला येईपर्यंत. चार पोलीस धावले. बाबांना फरशीवर पालथं पाडलं, लाथा घातल्या, एकानं मानेवर गुडघा ठेवला. मी ओरडत होते, सोडा, म्हातारा माणूस आहे. बाबांनी एकदाही हात आडवा घेतला नाही. फरशीला लागलेल्या गालानं त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"आता लिवतील," बाबा बोलले.

लिहिलं त्यांनी. दोन पानं भरून लिहिलं, ड्युटीवरच्या पोलिसाला मारहाण. मला वाचून दाखवलं आणि साक्षीदार म्हणून सही करायला सांगितली. मी दोन्ही पानं वरपासून खालपर्यंत बघितली. वरदचं नाव कुठंच नव्हतं.